दुसरा पेशंट

दोन रिक्षा आणि मीटर मात्र एक, एवढ्यावरून पद्मजा मगदूमच्या वर्गात त्या दुपारी मोठा हशा पिकला होता.

झालं होतं असं की कुरणेबाईंनी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहिला होता. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, हौस दांडगी. त्यांनी पडद्यावर दोन रिक्षा तयार केल्या, एकीला स्टँडवर उभं केलं आणि दुसरीला विश्रामबागेकडे पिटाळलं. दुसरी जसजशी पुढे जाई, तसतसा स्टँडवर उभ्या असलेल्या पहिलीचाही मीटर वाढत जाई.

"मॅडम, ही जागची हललीसुद्धा नाही हो," कुरणेबाई काकुळतीला आल्या होत्या. "हिचं भाडं कशाला वाढतंय?"

"उभ्या उभ्या वाढतंय म्हणजे खरीच रिक्षा जमलीय बाई तुम्हाला," मागून कुणीतरी म्हणालं.

पद्मजाही हसली. हा घोळ प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी घालायचंच, आणि तो समजावून सांगायला तिला मनापासून आवडायचं. तिने फळ्यावर एक इमारत काढली.

"क्लास म्हणजे बिल्डरचा नकाशा. त्या नकाशावरून बांधलेले फ्लॅट ही ऑब्जेक्ट्स. प्रत्येक फ्लॅटचा फ्रीज आपापला, पण पाण्याची टाकी गच्चीवर, सगळ्यांत मिळून एक. प्रोग्रॅम लिहिताना कुठली गोष्ट फ्लॅटच्या आत ठेवायची आणि कुठली गच्चीवर, हे आपण ठरवायचं असतं. कुरणेबाईंनी मीटर गच्चीवर ठेवलाय. आता तो कुठल्याही रिक्षाने फिरवला तरी सगळ्यांचाच फिरणार."

"पण मग काल बरोबर कसा चालत होता?"

"काल रिक्षा किती होत्या?"

"एकच."

"एकच बिऱ्हाड राहत असेल तर टाकी घरात आहे का गच्चीवर, कुणाला कळणार? दुसरं बिऱ्हाड आलं की भांडणं सुरू. म्हणून तपासताना कायम दोन ऑब्जेक्ट करून बघायची. एकटं चाललं म्हणून खूश व्हायचं नाही."

यंत्रं माणसांपेक्षा कितीतरी झरझर प्रोग्रॅम लिहितात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना ही मोठी माणसं रिक्षांशी झटापट का करत होती, असं कुणाला वाटेल. त्याला कारण होता कायदा. काही वर्षांपूर्वी अंगात बसवलेल्या एका उपकरणाने एका माणसाचा जीव घेतला आणि कोर्टाने साधा प्रश्न विचारला, की हा प्रोग्रॅम लिहिला कुणी? कुणालाच उत्तर देता येईना. यंत्राने लिहिला होता, यंत्राने तपासला होता, माणसांनी नुसती मान डोलावली होती. तेव्हापासून नियम झाला, की जे यंत्र माणसाच्या शरीरात जाईल त्याचा प्रोग्रॅम माणसाने लिहायचा, दुसऱ्या माणसाने तपासायचा आणि दोघांनी त्याखाली सही करायची. एकदा सही होऊन प्रोग्रॅम सुरू झाला की चालत्या प्रोग्रॅममध्ये कुणी हात घालायचा नाही. पंचाईत अशी, की तोवर हाताने प्रोग्रॅम लिहिणारी पिढी घरी बसली होती आणि पुढच्यांना ते कुणी शिकवलंच नव्हतं. मग गावोगावी असे वर्ग निघाले आणि भलेभले नव्याने पाटी-पेन्सिल घेऊन बसले.

पद्मजाचा फोन वाजला तेव्हा ती कुरणेबाईंचा मीटर गच्चीवरून खाली उतरवत होती.

"मॅडम, नदाफ बोलतोय. लगेच मिरजेला येता का? अभिनंदनचा श्वास भरकटलाय. आणि त्या नवीन मुलीचाही."

डॉक्टरांचं पहिलं वाक्य ऐकूनच तिने पर्स उचलली होती. शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात शिरलं ते जिन्यात, आणि तिथे ती कठड्याला धरून थांबली. दोघांचा एकदम? तिच्या मनात जे आलं ते तिने झटकून टाकलं आणि धावत रस्त्यावर आली.

*

अभिनंदन म्हणजे घरचा नंदू, पद्मजाचा धाकटा भाऊ. मागच्या एका उन्हाळ्यात त्याने जयसिंगपूरच्या मळ्यातल्या विहिरीत नेहमीसारखा सूर मारला. पाणी नेहमीएवढं नव्हतं. मान मोडली. मानेखालचं शरीर गेलं आणि त्याबरोबर श्वासही गेला. आपण श्वास घेतो तेव्हा मेंदू छातीखालच्या श्वासपटलाला निरोप धाडतो. नंदूचा मेंदू निरोप धाडत होताच, पण मानेपाशी रस्ता तुटल्याने तो पोचत नव्हता. मग गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि व्हेंटिलेटरने हवा भरायला सुरुवात झाली. ती हवा छिद्रातूनच आत जाई आणि छिद्रातूनच बाहेर येई. स्वरयंत्र राहिलं वरच, त्याला हवाच मिळेना. घरात ज्याच्यापुढे कुणाला एक वाक्य पुरं करता येत नसे, तो नंदू मुका झाला.

मिरजेच्या त्या रुग्णालयात डॉक्टर नदाफांनी त्याच्या श्वासपटलाच्या नसेजवळ एक बारीक कुपी बसवली. मानेत, तुटलेल्या जागेच्या वर, एक कान, म्हणजे सेन्सर, बसवला. कानाने मेंदूचा निरोप ऐकायचा, वॉर्डातल्या संगणकाने तो ओळखायचा आणि कुपीने नसेला हलका विजेचा झटका द्यायचा, की झाला श्वास. अडचण ओळखण्यातच होती. श्वास हवासा वाटण्याआधी मेंदूत जी खळबळ होते ती प्रत्येकाची निराळी, झोपेतली वेगळी, रागातली वेगळी. संगणकाला ती माणसाकडून हळूहळू शिकावी लागते. ह्या शिकलेल्या गोष्टीला वॉर्डात सगळे 'लय' म्हणत.

आणि ती लय शिकणारा प्रोग्रॅम खुद्द नंदूने लिहिला होता. पद्मजाने त्याच्या खाटेशी बसून त्याला शिकवलं आणि त्याने पडद्यावर डोळ्यांनी एकेक अक्षर टिपत तो लिहिला. पाच महिने तो व्हेंटिलेटरवर पडून आपल्याच प्रोग्रॅमला आपला श्वास शिकवत होता. मग एके सकाळी नळी काढली, छिद्राला बूच लावलं, आणि सगळे कान टवकारून उभे असताना नंदू बोलला, "अक्का, तो पंखा बंद कर, किती वेळ सांगालोय."

पद्मजा तेव्हा ढसाढसा रडली होती. प्रोग्रॅमखाली तपासनीस म्हणून तिची सही होती, आणि आयुष्यात कुठल्याच सहीचा तिला इतका अभिमान वाटला नव्हता.

*

वॉर्डाच्या दारातच तिचे पाय थबकले.

दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. एकीवर नंदू. दुसरीवर आठेक वर्षांची गार्गी लोंढे, कवठे गावची, चिंचेवरून पडून मान मोडलेली. तिलाही तशीच कुपी आणि कान बसवून त्या सकाळी नंदूच्याच प्रोग्रॅमला जोडलं होतं. तिची आई रोहिणी पायाशी उभी राहून मुलीचे तळवे चोळत होती. आणि त्या दोघांच्या, दाढी वाढलेल्या आडदांड नंदूच्या आणि त्या एवढ्याशा पोरीच्या छात्या एकाच क्षणी वर येत होत्या, एकाच क्षणी खाली जात होत्या. मध्येच वेग वाढला, तो दोघांचा वाढला. मग एकदम मंदावला, तोही दोघांचाच.

"सकाळी दृष्ट लागावी असं चाललं होतं," डॉक्टर नदाफ घाईघाईने सांगू लागले. "ठरलं होतं की हिला नळीवरच ठेवायचं, महिना दोन महिने प्रोग्रॅमला शिकू द्यायचं. पण जोडल्या जोडल्या पोरगी इतका सुरेख श्वास घ्यायला लागली की माझा विश्वास बसेना. म्हणून मी तिची नळी काढली. आता ती रडली की अभिनंदनला धाप लागते, आणि त्याला ग्लानी आली की हिचा ऑक्सिजन उतरतो."

"अक्का," नंदूने हाक मारली. बोलताना त्याला दम लागत होता. "सेन्सर बघ... वायरी बदलल्या असतील... ह्या लोकांनी."

पद्मजा संगणकापुढे बसली. वर्गात ती सांगायची तेच तिने केलं, म्हणजे अंदाज बांधत न बसता एकेक गोष्ट तपासत गेली. वायरींची अदलाबदल झाली असती तर ह्याचा श्वास तिला आणि तिचा ह्याला गेला असता. दोघांचा एक झाला नसता. वायरी ठीक होत्या. कुपी ठीक होत्या. मानेतले कान आपापल्या माणसाचंच ऐकत होते. मग तिने प्रोग्रॅमला नंदूची लय दाखवायला सांगितली, आणि गार्गीची. आकड्यांच्या दोन रांगा पडद्यावर आल्या. शेवटच्या दशांशापर्यंत त्या सारख्या होत्या.

तिने नंदूचा प्रोग्रॅम उघडला. फार खाली जावंच लागलं नाही. पेशंटचं नाव, वय, वजन, झटक्याची ताकद, सगळं त्याने व्यवस्थित फ्लॅटच्या आत मांडलं होतं. लय मात्र वरच होती, क्लासमध्येच, गच्चीवर.

आता तिला सगळं एकापाठोपाठ एक उलगडत गेलं. गार्गी जोडल्या जोडल्या छान श्वास घ्यायला लागली, कारण तिला नंदूची पाच महिन्यांची आयती लय मिळाली होती. त्यामुळे तिची नळी लवकर निघाली. आणि सकाळपासून तिचा प्रत्येक श्वास नंदूच्या लयीवर आपली लय चढवत होता, नंदूचा तिच्यावर. रोज प्रोग्रॅमची प्रत जतन होत असे, ती तिने अधीरपणे उघडून पाहिली. त्यात पेशंटचं सगळं होतं, लय नव्हती. जतन करताना ऑब्जेक्ट जतन होतात, क्लास होत नाही. घरातलं सामान हलवलं तरी गच्चीवरची टाकी मागेच राहते. म्हणजे नंदूची लय ह्या चालत्या संगणकाच्या आठवणीतच काय ती होती, आणि तिथे ती दर श्वासाला पुसली जात होती.

प्रोग्रॅमच्या तळाशी दोन सह्या होत्या. लेखक, अभिनंदन मगदूम. तपासनीस, पद्मजा मगदूम. दुपारीच कुरणेबाईंना शहाणपण शिकवून आलेल्या पद्मजाने आपली सही बघितली आणि तिला स्वतःची शरम वाटली.

*

"काय आहे?" डॉक्टर नदाफांनी विचारलं. "सापडलं काही?"

"बघते आहे."

"मला बघत बसायला वेळ नाही मॅडम. नवीन पेशंट लावल्यापासून गडबड आहे, म्हणजे नवीन पेशंट काढायचा. सरळ हिशेब आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "हिला पुन्हा नळी घालतो. तिच्या घशाला नळीने सूज आलीय, गळ्याचं छिद्र आकसलंय. पहिल्या प्रयत्नात गेली तर ठीक. नाही गेली तर... तोवर मास्कवर किती निभेल सांगता येत नाही. पण दुसरा इलाज दिसत नाही."

दुसरा इलाज होता. तो ह्या खोलीत पद्मजालाच ठाऊक होता. प्रोग्रॅम बंद करून दुरुस्त करायचा म्हटलं तर लय पुसली जाणार आणि दोघंही कोरी होणार. वेगळ्या संगणकावर वेगळी प्रत चालवली, तर जो तिकडे जाईल तो कोरा, कारण लयीचे आकडे बाहेरून भरायची सोय प्रोग्रॅममध्ये नव्हती आणि चालत्या प्रोग्रॅममध्ये हात घालायला कायद्याने बंदी होती. पण चालू प्रोग्रॅममध्ये एकटी गार्गी राहिली, तर सकाळपासून निम्मी तिची झालेली लय थोड्या वेळात पुरती तिची होईल, आणि तिच्या घशाला कुणाला हात लावावा लागणार नाही. त्यासाठी काढायचं ते नंदूला. त्याच्या गळ्याचं छिद्र शाबूत होतं, बूच काढून नळी जोडायला क्षणाचाही त्रास नव्हता. फक्त त्याची लय जाणार होती आणि लयीबरोबर आवाज. नस थकलेली आहे, दुसऱ्यांदा शिकणं जमेलच असं नाही, हे डॉक्टरांनी तिला मागेच सांगितलेलं होतं.

आणि तिने तोंड उघडलं नाही तर? डॉक्टर आपल्या हिशेबाने गार्गीला काढतील. नळी कदाचित जाईलही. बरेचदा जाते. नंदू पुन्हा एकटा पेशंट होईल आणि त्याचा प्रोग्रॅम पहिल्यासारखा झकास चालेल. चूक कुणाला कळणार नाही, तिची नाही आणि त्याचीही नाही. रात्री नंदू आईला फोन करून वॉर्डातल्या गमती सांगेल. पद्मजाला तो आवाज हवा होता. वर्षभर तिने त्या आवाजासाठी देवापुढे हात जोडले होते आणि आता तो आपल्याच तोंडाने हातचा घालवायचा होता.

"घालू का नळी?" डॉक्टरांनी हातमोजे चढवले.

रोहिणी मान वर करून पद्मजाकडे बघत होती. तिला संगणकातलं काही कळत नव्हतं. संगणकापुढे बसलेली बाई शिकलेली आहे, एवढ्या एकाच आधारावर ती बघत होती.

"थांबा," पद्मजा म्हणाली. "गार्गीला काढू नका. चूक प्रोग्रॅममध्ये आहे." आणि तिने सगळं सांगितलं.

डॉक्टर नदाफांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही हा दोन पेशंटवर तपासला नव्हता?"

"नाही."

"मॅडम, तुम्ही शिकवता!"

"हो."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "अभिनंदन शुद्धीवर आहे. त्याने हो म्हटल्याशिवाय मी त्याला व्हेंटिलेटरवर टाकू शकत नाही. तुम्ही बोला. मी मशीन आणतो आणि तिकडे नळीचीही तयारी ठेवतो. पण लवकर."

*

"बोल," नंदू म्हणाला. त्याने अर्धं ऐकलंच होतं.

"नंदू, लय क्लासमध्ये राहिलीय. पेशंटच्या आत नाही."

"शक्यच नाही."

"मी आत्ता बघितलं."

"माझा कोड... बरोबर आहे, अक्का. पाच महिने... चाललाय. तुला दिसतंय ना... मी बोलतोय ते?"

"दोन पेशंट करून कधी चालवून बघितला होतास?"

तो मग म्हणाला, "दुसरा पेशंट... होता कुठे?"

तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मान मोडून पडलेला माणूस छताकडे बघत एकेक अक्षर जुळवतो तेव्हा त्याच्या जगात दुसरा पेशंट कुठून असणार? तो असायला हवा होता तो तिच्या डोक्यात. त्यासाठीच तर दुसरी सही असते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तपासायला हवं होतं. आता दोघांपैकी एकाला बाहेर काढावं लागेल. तिच्या घशाला सूज आहे."

"मग मला काढणार?" त्याचे डोळे विस्फारले. "का? ती आज आलीय... मी वर्षभर पडलोय. तिला काढा. मी... लिहिलाय तो... माझा आहे! मी नाही जाणार... परत त्या... नळीवर. नाही म्हणजे नाही!"

तो ओरडत होता. मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या, श्वासामागून श्वास उपसले जात होते.

"अवो बाई!" रोहिणी किंचाळली. "पोरगी धापा टाकाय लागली बगा! डॉक्टर!"

गार्गीची छाती नंदूच्या रागाबरोबर धडाधड वरखाली होत होती. पोरीला राग आलेला नव्हता. ती भेदरली होती, तिचे ओठ सुकले होते, आणि आपल्या अंगात हे काय चाललंय ते न कळून ती आईकडे बघत होती. दोन्ही मॉनिटर एका सुरात केकाटत होते.

नंदूने मान वळवता येईल तेवढी वळवली आणि पहिल्यांदाच शेजारच्या खाटेकडे नीट पाहिलं. मग त्याने डोळे मिटले. पद्मजाला वाटलं, शुद्ध हरपली. पण त्याचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. लहानपणी विहिरीच्या तळाशी बसून राहताना तो असाच शांत होत असे. त्याचा श्वास मंदावला. शेजारी गार्गीचा मंदावला. मॉनिटर गप्प झाले. त्याने डोळे किलकिले करून तिचा आकडा पाहिला, आणि मग मुद्दाम, हलकेच, मनातल्या मनात काहीतरी आठवून त्याने आपला वेग जरासा वाढवला. तिचाही वाढला. पुन्हा उतरवला. तिचाही उतरला.

पद्मजाच्या लक्षात आलं. तो तपासत होता. तिनेच त्याला तसं शिकवलं होतं, की दुसऱ्याने सांगितलं म्हणून चूक कबूल करायची नाही आणि स्वतः बघितल्यावर नाकारायची नाही.

"बग आहे," शेवटी तो म्हणाला. आवाज अगदी सपाट होता. "साला... पहिल्याच आठवड्यातला... पोरांचा बग."

"सगळ्यांचाच होतो."

"मी घाबरलो... की ती घाबरते. किती वेळ... न घाबरता राहणार मी?"

डॉक्टर नदाफ व्हेंटिलेटर ढकलत आत आले आणि दोन्ही खाटांच्या मध्ये थांबले.

"सर," नंदू म्हणाला, "माझं बूच काढा. पण आधी... एक फोन."

"अभिनंदन, वेळ..."

"एकच. मी शांत बोलतो. तुम्ही तिचा... आकडा बघा. बिघडला तर तोडा."

*

पद्मजाने फोन त्याच्या कानाशी धरला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"आई, काय करालीस?"

"नंदू व्हय? भाकरी थापालोय बाबा. तू जेवलास काय?"

"जेवलो. भाजी काय केलीस?"

"घेवडा. तुला आवडत न्हाई तो."

"चांगला लागतो की... तुझ्या हातचा."

"आज काय झालंय तुला?" आई हसली. "डोकं ठिकाणावर हाय न्हवं? अक्का हाय काय तिथं?"

"हाय. आई..." त्याचा श्वास अडखळला. शेजारचा आकडा हलला. डॉक्टरांनी हात वर केला. नंदूने डोळे मिटले, आणि पुन्हा त्याच संथ आवाजात म्हणाला, "आई, भाकरी करपेल. ठेवतो."

फोन बंद झाला. आईला हे सगळं सांगायचं पद्मजावर आलं होतं आणि ते कसं सांगायचं ह्याचा विचारही तिला करवत नव्हता. तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तो प्रोग्रॅम," तो म्हणाला, "मी दुरुस्त करणार. तू हात लावू नकोस."

"नाही लावत."

"आणि सही करताना... दोन पेशंट."

"दोन," ती म्हणाली. "दोन काय, दहा करून बघीन."

"दोन पुरेत गं," नंदू म्हणाला. डॉक्टरांकडे बघून त्याने पापण्या मिटल्या.

बूच निघालं. नळी बसली. व्हेंटिलेटरने पहिला श्वास भरला तेव्हा नंदूचे ओठ हलले, पण काही ऐकू आलं नाही. पद्मजाने संगणकावर त्याचं नाव चालू पेशंटांमधून काढलं आणि ती गार्गीच्या मॉनिटरपुढे उभी राहिली. रेषा अजून वेडीवाकडी होती. एक श्वास लांब, एक आखूड, मध्येच एक चुकलेला. डॉक्टर नळीचा ट्रे हातात घेऊन उभेच होते. रोहिणी तोंडाला पदर लावून पुटपुटत होती. मग हळूहळू रेषेला वळण लागलं. मोठ्या माणसाचे खोल, संथ श्वास मावळत गेले आणि त्यांच्या जागी छोटे, भरभर, एकसारखे श्वास येऊ लागले. पोरीच्या गालांवर रंग आला. डॉक्टरांनी ट्रे खाली ठेवला आणि स्टुलावर बसकण मारली.

तपासनीस म्हणून झालेल्या चुकीची कबुली पद्मजाने तिथेच, उभ्या उभ्या लिहून पाठवली. तिचा तपासनिसाचा परवाना जाईल किंवा राहील. त्या घटकेला तिला त्याचं काही वाटलं नाही. ती भिंतीला टेकून दोन खाटांवरचे दोन श्वास बघत होती. एक हळू, यंत्राचा; एक भरभर, पोरीचा. आता ते कुठेच जुळत नव्हते.

उन्हं खिडकीतून उतरली तेव्हा गार्गी झोपेतून जागी झाली. तिने घसा खाकरला. आपलाच आवाज ऐकून ती दचकली, आणि मग तिला काय चेव आला कुणास ठाऊक, तोंडाचा पट्टा जो सुरू झाला तो थांबेचना. तिला तहान लागली होती. चादर टोचत होती. शाळेतल्या कुणा पोराने आपल्याला चिंचेवरून पडताना बघून सगळ्या गावाला सांगितलं असणार, ह्याचा तिला भयंकर राग आला होता. रोहिणी हसत होती आणि रडत होती आणि तिला गप्प बस म्हणत होती.

मध्येच गार्गी थांबली. तिने शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

"ते काका मगाशी बोलत व्हते," ती म्हणाली. "आता का बोलंनात?"

रोहिणीने तिच्या तोंडावर हात ठेवला. वॉर्डात व्हेंटिलेटरचा आवाज तेवढा राहिला. पद्मजाने नंदूकडे पाहिलं. तो पोरीकडेच बघत होता, टक लावून, आणि त्याच्या डोळ्यांच्या कडांनी पाणी कानाकडे ओघळत होतं.

पद्मजा पुढे झाली आणि तिने रोहिणीचा हात हळूच बाजूला केला.

"ते ऐकताहेत," ती गार्गीला म्हणाली. "तू बोल."